बिननावाचा खांब

कोलू पुंगाटी माझ्या दुकानात मीठ घ्यायला आला की आधी पुडी हुंगतो, मग चिमूटभर जिभेवर ठेवतो आणि मग माझ्या तोंडाकडे बघत राहतो. मीठ खारट लागलं तरी त्याची खात्री पटत नाही. भामरागडला आमच्या अब्बांनी दुकान टाकलं तेव्हापासूनची ओळख, तरी "अयूबभाऊ, खरं सांगून राह्यला ना?" हे विचारल्याशिवाय त्याचा सौदा पुरा होत नाही. माणूस वाईट नाही. पण संशय त्याच्या अंगात असा मुरलाय की कधीकधी मला त्याची पुडी हिसकावून घ्यावीशी वाटते.

एरवी तो धान लावतो, मोहफुलं वेचतो. पण आजूबाजूच्या माडिया गावांत कोणी गेलं की खांब कोरायला कोलूलाच बोलावणं येतं. मेलेल्याच्या आठवणीचा लाकडी खांब गावाबाहेर उभा करायचा आणि त्यावर त्या माणसाचं आयुष्य कोरायचं. ज्याचा ढोल होता त्याच्या खांबावर ढोल, ज्यानं शेवटी मोटारसायकल घेतली त्याच्या खांबावर मोटारसायकल. त्यामुळे कोलू हत्यार हातात घेण्याआधी दोनच गोष्टी विचारतो. कोण मेलं? आणि त्याच्याजवळ काय काय होतं?

पावसाळा संपून रस्ता मोकळा झाला तशी चंद्रपूरहून रंजीताबाई विचारत विचारत माझ्या दुकानात आली. तिथल्या एका कलादालनाचं काम ती बघते. समकालीन कलेचं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात तिला असा एक खांब हवा होता. समकालीन म्हणजे काय ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं आणि माझी दुपार गेली असती. मी तिला गाडीत घातलं आणि कोलूच्या अंगणात नेलं.

"कोन मेला?" कोलूनं विचारलं.

"कोणी नाही, दादा," रंजीताबाई हसून म्हणाली. आता, आमच्याकडे 'दादा' म्हणजे बंदूकवाले. हा शब्द कानावर पडला की लोक दार लावून घेत, त्याला फार वर्षं झाली नाहीत. कोलू जागच्या जागी ताठ झाला.

"मंग खांब काऊन?"

"लोकांना बघायला. तुमच्या मनात येईल ते कोरा. नाव काय ते आम्ही नंतर लावू."

एवढ्यानं भागलं नाही. तिनं घरची चौकशी केली. मुलं किती, कुठे असतात? कोलूची बायको बुधरी बोलली. एकच पोरगा, जंगू. बोअरवेलच्या गाडीवर तेलंगणात गेला, पावसाळ्यापासून फोन नाही. हे ऐकून रंजीताबाईनं बुधरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "काळजी करू नका, बाई." तिच्या मनात काही नव्हतं. पण त्या हातानंच सगळा घोळ केला.

ती गाडीत जाऊन बसली तसं कोलूनं मला बाजूला ओढलं.

"तिले माहीत हाय."

"काय माहीत आहे?"

"जंगू मेला ते. सांगाले जीभ उठून नाई राह्यली तिची. म्हनून बापाच्याच हातानं खांब करून घेऊन राह्यली. नाव मागून टाकते म्हने!"

"येडा झाला का बे तू?" मी म्हटलं.

"माहा भाऊ चंद्रपूरच्या दवाखान्यात मेला, तवा मले आधी खुर्चीवर बसवलं. चहा देल्ला, बिस्कुट देल्लं. मंग सांगतलं. शहरातले लोक तसेच सांगतेत, भाऊ. आधी गोड."

मी हसलो खरा. पण दुकानात परतल्यावर जंगूच्या ठेकेदाराला फोन लावला. बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. ही बोअरवेलवाली पोरं गावागणिक सिम बदलतात, मला ठाऊक आहे. तरी शेवटी न राहवून मी रंजीताबाईला फोन करून विचारलंच, जंगूबद्दल तुम्हाला काही कळलंय का? "कोण जंगू?" ती म्हणाली. इतक्या झटक्यात कशी म्हणाली, असं माझ्या मनात आलं. म्हणजे बघा, कोलूचा रोग मलाही लागला होता.

मला वाटलं होतं तो काम नाकारेल. पण वनखात्याच्या डेपोतून सागाचं लाकूड येऊन पडलं आणि तो कामाला बसला. मी कारण विचारलं, तर कोरता कोरता म्हणाला, "मी नाई केला तर दुसरा करन. दुसऱ्याले काय समजते? तो जंगूचं सामान कोरन. मंग तो खांब जंगूचाच होऊन जाईन ना. मी जंगूचं एक बी नाई ठेवत."

आणि खरंच ठेवलं नाही. जंगूचा व्हॉलीबॉल नाही, मोबाइल नाही, ती बोअरवेलची गाडी तर नाहीच. बुधरी चूल सोडून येऊन लाकूड तपासून जायची, चुकून काही राहिलं तर नाही ना म्हणून. मला त्या दोघांकडे बघवत नव्हतं. मग मी तिकडे जाणंच बंद केलं. खांब गाडीवर चढला तोही गोणपाटात गुंडाळलेला.

उद्घाटनाला मीच कोलूला चंद्रपूरला नेलं. दालनात शिरताच राजुऱ्याकडच्या कोळशाचा ढीग घातलेला आणि त्याभोवती दोरी. चौकीदार म्हणाला, हात लावू नका, ही कलाकृती आहे. कोलूनं कोळशाकडे पाहिलं, चौकीदाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा संशय रास्त वाटला.

तेवढ्यात रंजीताबाई आली. आनंदानं त्याचे दोन्ही हात धरले, त्याला खुर्चीवर बसवलं आणि चहा मागवला. चहासोबत बशीत बिस्किटं.

कोलूचा चेहरा एकदम उतरला. तो उठला, कप तसाच राहिला, आणि गर्दीतून वाट काढत खांबाकडे निघाला. मी मागोमाग. खांब पांढऱ्या चौथऱ्यावर उभा होता, वरून दिव्याचा झोत. शेजारी भिंतीवर एक छोटी पाटी. कोलूला वाचता येत नाही.

"अयूबभाऊ, कोनाचं नाव हाय? वाच."

"कोलू पुंगाटी, भामरागड. सागवान."

"पुन्हा वाच. जंगू नाई?"

"नाही रे. कोलू. कोलू पुंगाटी."

तो मटकन खालीच बसला. मला वाटलं चक्कर आली. वाकून पाहिलं तर गडी हसत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होता.

"माहा हाय," तो म्हणाला. "पोराचा नाई. माहा हाय."

"अरे बाबा, ते बनवणाऱ्याचं नाव असतं. इथली तशी रीत आहे."

त्यानं माझ्याकडे नेहमीच्याच नजरेनं पाहिलं. "बनवनाऱ्याचं नाव कोन लिहिते? जो मेला, खांब त्याचा." मग बोट लावून दाखवायला लागला. कान तुटका कुत्रा, मासे धरायची टोपली, ताडीचं झाड, टोपली घेऊन चाललेली बुधरी. "समदं माहंच हाय. पोराचं टाळता टाळता मीच मले कोरलो."

खांबावर खरंच दुसऱ्या कोणाचं काही नव्हतं.

माइकवरून त्याचं नाव पुकारलं. लोक टाळ्या वाजवायला लागले, रंजीताबाई नवी कोरी शाल उलगडून उभी राहिली. माडियांत मेलेल्याच्या अंगावर सोयरे नवं कापड आणून टाकतात. मी त्याचा दंड धरला, म्हटलं, राहू दे, मी सांगतो त्यांना.

"टाकू दे," कोलू म्हणाला.

तो गेला, मान खाली घालून उभा राहिला आणि अंगावर शाल घेतली. फोटो निघाले. परत आला तो शालीची दोन्ही टोकं छातीशी घट्ट धरून.

"आता जंगूले फोन लाव," तो म्हणाला. "मी गेलो ना. आता तो उचलन."