ओसाकाच्या गाडीत आई गप्प बसली

तासगावच्या स्टँडवरून एसटी हलली तेव्हा आई खिडकीबरोबर चालत ओरडत होती, "पोचलीस की फोन कर गं! पोटाला खात जा, लाजू नगंस!" सगळा स्टँड वळून बघत होता. मी पंचवीस वर्षांची इंजिनिअर, जपानला निघालेली, लाजेनं मान खाली घालून बसले. नीट निरोपसुद्धा दिला नाही. आईचा आवाज तसाच. द्राक्षबागेच्या या टोकावरून त्या टोकाला हाका मारून घडलेला.

त्याला आता दहा वर्षं झाली. यंदा आई आणि आबा पहिल्यांदाच ओसाकाला माझ्या घरी आले. तुमच्यापैकी ज्यांनी आईबापाला परदेश दाखवलाय, त्यांना पुढचं सांगायला नको. गावात राहिलेल्यांनी मात्र ऐकाच.

एक दिवस निवांत फिरायचं ठरवलं होतं. किल्ला बघायचा, भोवतालच्या बागेत बसायचं, परत यायचं. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून मी, माझी सहा वर्षांची मीरा आणि हे दोघं. निवांत कसलं! पहाटे पाचला दोघंही आंघोळ उरकून, बूट घालून दाराशी बसलेले. आईच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी.

"आई, इथं पावलोपावली दुकानं आहेत. सगळं मिळतं."

"मिळू दे की."

आबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. स्टेशनात दिसेल त्या गणवेशवाल्याला सलाम ठोकत चालले होते. आई तिकिटाच्या फाटकात दोनदा अडकली. गाडीत बसेपर्यंत माझं डोकं फिरलं होतं.

डब्यात सगळे मोबाइलमध्ये मान घालून गप्प. आणि आई अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती, धाकट्या मावशीच्या सुनेनं लग्नातला शालू कसा परत पाठवला ते. समोरचा माणूस उठून दुसरीकडे गेला. मी आईचा हात दाबला. "जरा हळू बोल ना! हे काय आपलं शेत आहे का?"

आई गप्प झाली. आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गप बसाय एवढ्या लांब आलो व्हय गं आमी?"

किल्ल्यापाशी आई बाकावर बसली. "तुमी जावा वर. माझं गुडघं दुखत्यात." गुडघे दुखत नव्हते, हे मला कळत होतं. तरी गेले. वर सगळं शहर दिसत होतं आणि माझं कशातच लक्ष नव्हतं.

खाली आलो तर बाक रिकामा. आईचा फोन माझ्या पर्समध्ये. आबांना आणि मीराला बाकाशी उभं करून मी बाग पालथी घातली. लोकांना "सुमिमासेन, सुमिमासेन" म्हणत, माफी मागत विचारत होते. कुणी पाहिलं नव्हतं. शेवटी धीर सुटला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "आईऽऽ!"

झुडपांपलीकडून खणखणीत उत्तर आलं, "हितं हाय गंऽऽ!"

टोप्या घातलेल्या तीन म्हाताऱ्या बायका वाफ्यातलं तण उपटत होत्या. त्यांच्यात माझी आई, पदर खोचून. दशम्या वाटून झाल्या होत्या. ती मराठीत, त्या जपानीत, आणि सगळ्यांचं जोरात चाललेलं.

"सांगून जायचं की! जीव गेला माझा!" मी तिच्यावर भडकले. त्यातली एक बाई हसत मला जपानीत म्हणाली, "तुमच्या आई नेहमीच अशा आनंदी असतात का?"

सकाळी मीच तिला गप्प केलं होतं.

बाकाकडे परत येताना मी म्हटलं, "आई, चुकलं माझं."

"आगं, तुला या लोकांत ऱ्हायाचं हाय, कळतंय मला." तिनं हातावरची माती झटकली. "पर तू किती हळू बोलाय लागलीस गं. मगाशी हाक मारलीस तवा वाटलं, हाय, माझीच लेक हाय."

पंधरा दिवसांनी ती दोघं परत गेली. पूर्वी गावचा फोन आला की मी आधी खिडकी लावून घ्यायचे. आता लावत नाही. परवा मी फोनवर आईशी बोलत होते, तर मीरानं ओठांवर बोट ठेवलं. "आई, शू! शेजारी ऐकतील."

"ऐकू देत," मी म्हणाले. "घर आहे हे आपलं." आणि फोन तिच्या हातात दिला. "बोल आजीशी. मोठ्यानं बोल."