काचेबाहेरची बाई

तंजावूरच्या अनाथाश्रमात सेवेसाठी मी एकटीच गेले होते. दर रविवारी एसटीडी बूथवरून साताऱ्याला आईला फोन करायचे. बूथवाली तिथलीच मराठी. बोली जुन्या वळणाची, सूर तमिळ. गिऱ्हाइकांचं बोलणं ती उघड ऐकायची. मी "जेवले गं" म्हटलं की काचेचं दार ढकलून ओरडायची, "खोटें. नुसतें केळें खाल्लें."

एका रविवारी गेले नाही. मी आजारी असणार, हे तिनेच ठरवलं. खरंच ताप होता. बूथ बंद करून ती रसम घेऊन खोलीवर आली. "नंबर वहींत होता. तुझ्या आईला सांगितलें, मी आहें म्हणून."

तेव्हापासून आई आधी तिच्याशी बोलायची आणि मी काचेबाहेर थांबायचे. एकदा आतून ऐकू आलं, "पोरगी गुणाची. माझें सगळें ऐकते."

मी दार ढकललं आणि ओरडले, "खोटं."