बिनपगारी पित्ताशय

“तुमचं पित्ताशय काढावं लागेल,” इमर्जन्सीतल्या डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. निदान होतं ॲक्यूट कोलेसिस्टायटिस, म्हणजे खडा अडकून पित्ताशयाला आलेली सूज. उजव्या बरगडीखालच्या ज्या कळेला मी ॲसिडिटी समजून थंड दूध पाजत होते, ती ही होती. हे ऐकल्यावर मला पहिली आठवण झाली ती केतकीची.

केतकी माझी मैत्रीण. इथे अमेरिकेत, रेडमंडच्या ऑफिसात आम्ही एकाच टीममध्ये, शेजारी शेजारी बसायचो. मागे हेच ऑपरेशन तिचंही झालं, तेव्हा तिला भरपगारी सिक लीव्ह होती. टीमने फुलं पाठवली, मॅनेजरने सावकाश ये म्हणून सांगितलं, आणि तिच्या वाटची ऑन-कॉल ड्यूटी मी केली. या वर्षी ले-ऑफ झाला. त्यात मी गेले, ती राहिली. लोक दुसऱ्याच्या घराचा, गाडीचा हेवा करतात. मी स्ट्रेचरवर पडून केतकीच्या पित्ताशयाचा हेवा करत होते.

ग्रीन कार्ड होतं म्हणून मला निदान बेरोजगार भत्ता मिळत होता, आणि घरभाडं त्यावरच चाललं होतं. इन्शुरन्स नवऱ्याच्या, अमोलच्या कंपनीचा. भत्त्यासाठी दर रविवारी राज्याच्या वेबसाइटवर आठवड्याचा क्लेम, म्हणजे मागणीचा अर्ज, भरावा लागतो. त्यात एक प्रश्न असतो: या आठवड्यात रोज तुम्ही काम करायला सक्षम आणि उपलब्ध होतात का? आजवर मी चहाचा घोट घेत ‘हो’वर क्लिक करून मोकळी व्हायचे.

ऑपरेशन लॅपरोस्कोपिक झालं, म्हणजे पोटाला लहान भोकं पाडून. नंतर ताप आला म्हणून घरी सोडेनात. रविवार हॉस्पिटलातच उजाडला. केतकी बिनतुपाची मूगखिचडी घेऊन आली. उद्या सकाळी सकाळी मीटिंग आहे, अगदी जीव जातो, अशी तिची कुरकुर चालू होती. मला त्या मीटिंगचाही हेवा वाटला.

क्लेमचं कळल्यावर ती म्हणाली, “हो म्हण ना यार. कोण बघायला येतंय?”

माझं डोकंच फिरलं. हिला काय जातंय बोलायला! ‘हो’ म्हटलं आणि हॉस्पिटलचे कागद पुढे आले, तर भत्ता परत करा, वर दंड भरा. ‘नाही’ म्हटलं तर आपलं नावच कापतील, अशी माझी समजूत. मी यातलं काहीच केलं नाही. क्लेम भरलाच नाही. पुढच्या रविवारी घरी होते, पण उठता बसता टाके ओढत होते. तेव्हाही भरला नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर एवढं कराच: खरं उत्तर द्या, पण क्लेम भरा. राज्याराज्यांत नियम वेगळे असतात, तेव्हा आपल्या राज्याचे आधी विचारून घ्या. मी विचारलं नाही, आणि माझा क्लेम बंद पडला. आता फोन करून तो पुन्हा सुरू करून घ्यायचा होता, आणि फोन काही लागत नव्हता.

सर्जनकडे तपासणीला जायचा दिवस आला. अमोलची नोकरी नवी, त्याच्या रजा अजून साठल्या नव्हत्या. ऐन कामाच्या दिवशी, पावसात, केतकी गाडी घेऊन दारात उभी राहिली. वेटिंग रूममध्ये तिने माझा फोन घेतला, बेरोजगार भत्त्याच्या ऑफिसला लावला आणि तिथलं वाट बघायला लावणारं संगीत ऐकत बसली. मी आत गेले. सर्जन म्हणाले जखमा छान भरल्यात, सोमवारपासून काम करू शकता. तसं त्यांनी लिहूनही दिलं. बाहेर आले तरी हिच्या कानाला फोन तसाच होता.

शेवटी फोनवर एक बाई बोलल्या. ‘नाही’ लिहिलं असतं तर फक्त आजारपणाच्या दिवसांचे पैसे गेले असते, क्लेम चालू राहिला असता, असं त्यांनी समजावलं. तो त्यांनी पुन्हा सुरू केला. मागच्या आठवड्यांचं नंतर कळवतील म्हणाल्या.

परत येताना मी केतकीला विचारलं, ऑफिसात काय सांगून आलीस.

“सिक लीव्ह टाकली. पोटात दुखतंय म्हटलं.”

“तुला झालंय काय?”

“मला काय व्हायचंय? तुझ्याकडे रजा नाही ना, म्हणून माझी घेतली.”

मी हसले, आणि टाक्यांवर हात दाबून धरावा लागला. थोडं रडूही आलं.

त्या सोमवारनंतरच्या रविवारी लॅपटॉप उघडला. काम करायला सक्षम आणि उपलब्ध होतात का? सोमवारपासूनचा सगळा आठवडा आठवून पाहिला, आणि मग ‘हो’ म्हटलं. धडधाकट असल्याचा इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता. केतकीच्या नोकरीचा हेवा मात्र गेलेला नाही. तिच्याकडे अजून पुष्कळ रजा आहेत आणि माझ्याकडे एकही नाही. पण तिच्या खात्यातून गेलेला आजारपणाचा एक दिवस माझा आहे.