आरशांच्या सेटवरचे कुंकू

गाडेकरसरांकडे मी काम मागायला गेले ती दिल्लीच्या सरोजिनी नगरात, सरांच्या पत्नीच्या, म्हणजे काकूंच्या, नोकरीमुळे मिळालेल्या सरकारी क्वार्टरमध्ये. टेबलावर दोन आरसे कोनात उभे करून, त्यांच्यामध्ये बशा मांडून सरांनी विचारले, "यातल्या खऱ्या बशा किती?" मी चुकले. "अच्छा! प्रेक्षक म्हणून तू बिल्कुल पास," म्हणत त्यांनी मला मदतनीस म्हणून ठेवून घेतले.

कला-दिग्दर्शक म्हणून सरांचा हातखंडा म्हणजे आरशांचा भूलभुलैया. नोएडाच्या स्टुडिओत ते आरशांच्या चौकटी काढून सांधे झाकत. पडद्यावर खरी नायिका कोणती तेच बघणाऱ्याला कळेनासे होई. मात्र बाहेरच्या वाटेवरच्या आरशांना, कॅमेऱ्यात येणार नाही इतके खाली, ते कुंकवाचे बोट लावत. "हरवायचं ते प्रेक्षकानं. कलाकाराला दार सापडलंच पाहिजे," असे त्यांचे म्हणणे.

हे मला पुढे कळले. नवी होते तेव्हाच दसरा आला. सकाळी सेटवर काही आरशांना कुंकू दिसले, काहींना नाही. सरांची पूजा अर्धवट राहिली असे समजून मी भक्तिभावाने उरलेल्या सगळ्या आरशांना कुंकू लावले.

दुपारी शॉट चालू असताना एक वयस्क अभिनेत्री आत अडकल्या. त्यांना दम लागत होता. "निशान तो सब पे है! किधर जाऊँ?" त्या ओरडत होत्या. सरांनी मागून हातोड्याने तीन आरसे फोडले आणि त्यांना बाहेर काढले. सरांच्या मनगटातून रक्त येत होते.

"किसने किया ये?" दिग्दर्शक गरजले.

मी खाली वाकून फुटलेल्या काचा गोळा करू लागले. सर म्हणाले, "निशान मेरे थे. गलती मेरी."

तो चित्रपट सरांच्या हातून गेला. मला त्यांनी एका शब्दाने विचारले नाही. उलट संध्याकाळी घरी नेऊन काकूंच्या हातची पुरणपोळी वाढली. तो घास मला आजही गिळवत नाही.

सरांच्या या गौरवग्रंथात असे काही लिहायचे नसते, हे मला कळते. पण सर पंच्याहत्तर वर्षांचे झाले आणि अलीकडे मला फार भीती वाटते, की सांगायचे राहूनच जाईल. सर, ते मी केले होते.

तुम्हांला ठणठणीत प्रकृती आणि उदंड आयुष्य लाभो. हे वाचून झाले की मला फोन करा. रागवायचे असेल तर मनसोक्त रागवा, पण फोन करा.