तात्यांचं ऑफलाइन शेत

भिवंडीत कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान चालवणाऱ्याला किश्श्यांची टंचाई नसते. कापडाच्या लूमचा कापूस जसा बंद कॅबिनेटमध्येही शिरतो, तसे हे किस्से डोक्यात शिरतात. शुक्रवारी ब्लोअर मारून साफ करा, रविवारी पुन्हा तेवढेच साठलेले! माझी बायको म्हणते, तुझ्या दहा गोष्टींतल्या चार खऱ्या असतात. हा अन्याय आहे. पाच तरी असतात. खालच्या सगळ्या त्या पाचांतल्या.

आमचा कंपू तिघांचा. मी, माझ्या दुकानामागे ज्यांचा लूमचा कारखाना आहे ते शकीलभाई, आणि मानकोलीचे बाळाराम तात्या. तात्यांची तीन एकर भातशेती होती. तिच्यावर आता निळ्या पत्र्याचं गोदाम उभं आहे. एवढं मोठं, की एका टोकाच्या माणसाला दुसऱ्या टोकाच्या माणसाला हाक मारायची तर मोबाइल लागतो. बंगला झाला, गाडी आली आणि तात्यांच्या हाताला काम उरलं नाही. सकाळी आठला माझ्या दुकानात येऊन बसायचे आणि प्रिंटर घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला यंदा पाऊस कसा पडणार ते सांगायचे. मला धंदा करायचा होता. म्हणून त्यांना गप्प बसवायला मी कॉम्प्युटरवर शेतीचा एक गेम लावून दिला.

पुढचा सगळा ताप या एका चुकीतून निघाला.

*

गेम अर्थातच क्रॅक केलेला. भिवंडीत गेम विकत घेणारा माणूस तोवर मी पाहिला नव्हता.

तात्यांनी पहिल्या आठवड्यात आपली तीन एकर त्यात जशीच्या तशी उभी केली. बांध होता तिथे बांध, पूर्वेला विहीर, खाचरंसुद्धा मोजून तेवढीच. भात लावला. भात तरारून आला, हिरवागार झाला आणि हिरवागारच राहिला. पंधरा दिवस झाले तरी दाणा धरेना. तात्यांनी खत मारलं, पाणी तोडलं, पुन्हा सोडलं. शेवटी माझ्याच फोनवरून त्यांनी एका ओळखीच्या कृषी सहायकाला गाठलं. त्या भल्या माणसाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, शेत कुठल्या गटातलं?

तात्या म्हणाले, "डी ड्राइव्ह."

मी नेटवर शोधलं तेव्हा कळलं की बनवणाऱ्यांनीच ही खोडी करून ठेवलीय. चोरलेल्या गेममध्ये सगळं उगवतं, पिकत काहीच नाही. तात्यांना सांगावं तर लागणारच होतं. त्यांनी माऊस बाजूला सारला.

"चोरीच्या बियाण्याला दाणा धरत न्हाय, हे लावणीच्या आधी सांगायचं व्हतं, नंदू. आता ओरिजिनल मागव."

*

ओरिजिनलचा डबा आला. आत एक चिठ्ठी, चिठ्ठीवर लांबलचक कोड, बाकी हवा.

आता दुसरीकडचा माणूस म्हणाला असता, हल्ली असंच असतं, डाउनलोड करायचं. पण तात्या मानकोलीचे. अर्ध्या देशाची पार्सलं त्यांच्या शिवारातून जातात आणि पार्सलाचं वाटेत काय होऊ शकतं हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी समजावेपर्यंत ते एका ओळखीच्या गोदामात पोचले होते. गाववाल्या सुपरवायझरला घेऊन दोन तास कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग तपासलं. डब्यातला गेम कोणी काढला ते काही सापडलं नाही. तरी गाववाल्याने आपल्या पातळीवर तक्रार मंजूर करून दुसरा डबा पाठवला.

तोही रिकामा!

त्यातली चिठ्ठी शकीलभाईंनी घेतली. ते त्या गेममध्ये कोंबड्या पाळायला लागले.

*

डब्यावर मोठ्या अक्षरात होतं, एकट्याने खेळायचा गेम, ऑफलाइन चालतो. चालतो ना. फक्त ऑफलाइन जाण्याआधी ऑनलाइन यावं लागतं. आणि ऑफलाइन गेल्यावर ठरावीक दिवसांनी पुन्हा ऑनलाइन येऊन सांगावं लागतं की मी अजून ऑफलाइन आहे. शकीलभाई म्हणाले, हे म्हणजे सुट्टीवर आहे हे सांगायला रोज ड्युटीवर जायचं. आमच्या लूमवर असा नियम केला तर कारागीर मलाच मागात घालून विणतील.

आणि आमचं इंटरनेट कसलं? केबलवाल्याची वायर खांबावरून खांबावर, वाटेत दोन बॅनर आणि एक मांडव. एकदा भात पिकून पिवळा झालेला, तात्या कापणीच्या मशीनवर बसलेले, अर्धं खाचर झालं आणि पडद्यावर आलं, सर्व्हरशी संपर्क तुटला. मशीन उभं. भात उभा. तात्या खुर्चीवरून उठून उभे.

"माझ्या आज्यानं नांगर धरला, तो कुणाला इचारून धरला व्हता?"

मी म्हटलं, तात्या, त्या काळी कॉपी प्रोटेक्शन नव्हतं.

*

पुढे तात्यांनी कॉम्प्युटर घरी नेला आणि काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, तो घराबाहेर काढला. जमीन विकली तेव्हा वाटलं होतं चिखलातून सुटले, आता हा बाबा हॉलमध्ये बसून पुन्हा लावणी करतोय, असं त्यांचं म्हणणं. चुकीचं नव्हतं. मग शकीलभाईंनी कारखान्याच्या ऑफिसात टेबल दिलं.

लूमच्या कारखान्यात कॉम्प्युटर! सहा महिन्यांत कापसाने पंखा जाम होऊन मदरबोर्ड उडाला. मी बदलला. मग हार्ड डिस्क बदलली, मग ग्राफिक्स कार्ड, मग पुन्हा मदरबोर्ड. कंपनीच्या हिशोबी प्रत्येक वेळी हा नवा कॉम्प्युटर. परवानगी चार कॉम्प्युटरची. पाचव्याला गेम म्हणाला, बस.

मी कंपनीला लिहिलं, साहेब, यंत्र तेच आहे, आतले अवयव बदललेत. माणसाची किडनी बदलली म्हणून बायको नवरा बदलला म्हणते का? उत्तर आलं, जुने चार कॉम्प्युटर वापरात नाहीत याचा पुरावा पाठवा.

नसलेल्या कॉम्प्युटरचा पुरावा कुठून आणायचा? मी हात टेकले. तात्यांनी नाही टेकले. त्यांनी मेलेले मदरबोर्ड, डिस्क आणि कार्ड पाटावर मांडले, प्रत्येकाला हार घातला, पुढे उदबत्ती लावली आणि मला फोटो काढायला लावले. शकीलभाई मागे डोक्यावर रुमाल बांधून गंभीर उभे. चार फोटो पाठवले.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत." आणि कॉम्प्युटरचा आकडा पुन्हा शून्यावर!

*

तेवढ्यात नोटीस आली. गेम जुना झालाय, आम्ही सर्व्हर बंद करतोय, आजवरच्या साथीबद्दल आभार.

मी तात्यांना सोप्या भाषेत सांगितलं. शेत तुमच्या पडद्यावर दिसतं, पण सातबारा कंपनीच्या सर्व्हरवर. सर्व्हर बंद, की गेम उघडणार नाही आणि शेत गेलं. तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"परत?"

मी मान हलवली.

"पहिल्या बारीला निदान माझी सही तरी घेतली व्हती."

नोटिशीच्या खाली एक सवलतही होती, याच गेमचा दुसरा भाग अर्ध्या किमतीत. शकीलभाईंनी ते वाचून असा एक शब्द वापरला, जो मी इथे लिहू शकत नाही. जमीन घ्यायची आणि वर शेजारची जमीन विकत घे म्हणायचं, एवढं तर गोदामवाल्यांनीही केलं नव्हतं.

पण अगदी शेवटी बारीक अक्षरात एक ओळ सापडली. शेवटच्या चार तासांत ऑनलाइन येणाऱ्यांना एक अपडेट मिळेल, ते घेतलं की शेत आपल्याच कॉम्प्युटरवर उतरेल आणि पुढे नेटशिवाय चालेल. त्याआधी नाही, नंतर नाही. वेळ त्यांच्या घड्याळाची. मी बोटांवर मोजून आपली काढली: शुक्रवार, सकाळी साडेनऊ ते दुपारी दीड.

आता शुक्रवारी आमच्याकडे लूमला सुट्टी. म्हणून लाइटवाले दुरुस्तीची कामं नेमकी शुक्रवारीच काढतात. सकाळी नऊला लाइट गेली. विचारलं तर म्हणाले, पाचला येईल.

*

शकीलभाईंनी टेम्पो काढला. मागे कापडाच्या ताग्यांवर कॉम्प्युटर, त्याला धरून मी, पुढे तात्या. कशेळीला शकीलभाईंच्या मेव्हण्याचं ऑफिस आहे, तिथे लाइट आणि नेट दोन्ही होतं. निघालो साडेदहाला. मानकोली नाक्यावर कंटेनरची रांग लागलेली. साडेअकरा झाले, बारा झाले, टेम्पो जागचा हलेना. सव्वाबाराला शकीलभाईंनी इंजिन बंद केलं.

"तात्या, कशेळी आज नहीं आनेवाली."

रांगेच्या डाव्या हाताला ते निळं गोदाम. जनरेटरचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. गोदाम बांधल्यापासून तात्यांनी आत पाऊल टाकलेलं नव्हतं. लांबून वळसा घालून जायचे, पण त्या रस्त्याने जात नसत. त्यांनी गोदामाच्या गेटकडे बोट केलं.

"वळव," म्हणाले.

गेटवर सिक्युरिटीवाला. आत ज्याला भेटायचं त्याच्या मोबाइलवर ओटीपी येणार, तो त्याने सांगायचा, मग पास. तात्या म्हणाले, मला कुणालाच भेटायचं न्हाय. मग सिस्टिममध्ये एंट्री होत नाही, असं सिक्युरिटीवाला म्हणाला. मला वाटलं आता कपाळ आपटून घ्यावं. गेममध्ये तेच, गेटवर तेच! आपल्याच जागेत शिरायला कुठल्या तरी सर्व्हरने हो म्हणायला पाहिजे. वर त्याचं नशीब बघा, सिस्टिमच बसली. मग त्याने वैतागून टेबलाखालचं जुनं रजिस्टर काढलं आणि तात्यांपुढे सरकवलं.

तात्यांनी चष्मा लावून सावकाश भरलं. नाव: बाळाराम. कुठून आलात: इथलाच. काम: भातकापणी.

सिक्युरिटीवाला जवळच्याच शेलार गावचा निघाला. त्याने ते वाचलं, तात्यांकडे पाहिलं आणि दांडा वर केला.

आत सात नंबरच्या दरवाजाजवळ रिकामं टेबल होतं. माथाडी जेवायला बसले होते, त्यांनी जागा करून दिली. एकाने नेटची वायर ओढून आणली. पाऊण वाजला. कॉम्प्युटर चालू केला, पासवर्ड टाकला, अपडेट उतरायला लागलं. वीस टक्के. चाळीस. एक वाजून एकवीसला एकसष्ट टक्क्यांवर अडकलं आणि आमच्या तिघांचा श्वासही तिथेच अडकला. डबे उघडे टाकून माथाडी मागे येऊन उभे. पंच्याऐंशी. एक वाजून सव्वीस मिनिटांनी शंभर.

मी वायर उपटली.

शेत तिथेच होतं. वायर नाही, सर्व्हर नाही, कोणाची परवानगी नाही. तीन एकर, पिवळाधमक भात. तात्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि मशीन खाचरात घातलं.

एवढ्यात सुपरवायझर आला. गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी, नवीनच लागलेला मुलगा. कोणी आत सोडलं, हे काय चाललंय, ही जागा ताबडतोब खाली करा, असं बरंच काही एका दमात बोलला. शकीलभाई काहीतरी सांगायला पुढे झाले. तात्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"साहेब, तुम्ही उभे हाव ना, तिथून माझा बांध जातो. तुमच्या पायाखाली भात हाय. जरा इकडं सरका."

सुपरवायझरने खाली पाहिलं. काँक्रीट होतं, त्याच्यावर एक पिवळा पट्टा.

आणि तो दोन पावलं इकडे सरकला.