चिठ्ठीतला 'बे'

हे ऐकणारे तुम्ही पहिलेच. बायको गेली, तिलाही कधी कळलं नाही. कैकदा तोंड उघडलं — आणि पाण्याचा घोट घेऊन मिटलं. आज सांगतो. नीट जमेल का, ठाऊक नाही.

बीडच्या बाजारात माझं दुकान आहे. कुलपं, अडकित्ते आणि सरकारी परवान्यानं बंदुका-पिस्तुलांची दुरुस्ती. लोक म्हणतात, याचा हात हलका. म्हणोत बापडे. पण हे दुकान माझं नव्हतं. ते शिवलिंगप्पांचं होतं, मी त्यांचा कारागीर. निजामाच्या अमलात सगळी लिखापढी उर्दूत, म्हणून कामावर ठेवताना अप्पांनी एकच विचारलं होतं, "उर्दू वाचता येती का रं?"

मी म्हणालो, "येती की."

येत नव्हती. अलिफ आणि बे, एवढी दोनच अक्षरं मला ओळखू यायची, तीही शेजारच्या अत्तारवाल्याच्या पाटीवरून. पोटासाठी एवढी थाप कोण मारत नाही? — असं तेव्हा वाटायचं. दोन वर्षं ती खपलीही, कारण कागद आला की अप्पा स्वतःच वाचत.

मग अप्पा कपिलधारच्या यात्रेला गेले. आणि त्याच सकाळी पोलिसांच्या अमीनसाहेबांचा, म्हणजे फौजदारांचा, शिपाई साहेबांचं पिस्तूल घेऊन आला. "नेम चुकतोय म्हणत्यात. समदं चिठ्ठीत लिवलंय," म्हणाला आणि गेला.

पिस्तुलाच्या नळीच्या टोकावर एक दाणा असतो, त्यावर नेम धरतात. आमच्या धंद्यात त्याला माशी म्हणतात. ती तळाशी रुंद, वर अरुंद अशा खाचेत घट्ट बसवलेली असते. गोळी जिकडे पळते, तिकडेच माशी केसभर सरकवायची, की नेम जागेवर येतो. अप्पांनी मला सगळं शिकवलं होतं. आधी जुन्या जागेची बारीक रेघ मारून ठेव. सांध्यात रॉकेल मुरू दे. शिकंज्यात धरताना चामडं लाव. आणि ठोकायचं ते पितळेच्या कांडीनं, पोलादानं कधीच नाही. "भिऊन धा ठोके मारशील तर डाग पडत्याल," ते म्हणायचे, "एकच मार, पण नेमका."

हे सगळं येत होतं मला. फक्त गोळी कोणीकडे पळते, ते चिठ्ठीत होतं.

अत्तारवाला वीस पावलांवर बसला होता. चिठ्ठी घेऊन गेलो असतो तर काय बिघडलं असतं? पण त्यानं विचारलं असतं, काहून रं, तुला येती ना उर्दू? आणि गोष्ट अप्पांच्या कानावर गेली असती. मी तसाच चिठ्ठी उलटसुलट बघत बसलो. त्यात मला एक 'बे' दिसला. बे म्हणजे बाएँ, बाएँ म्हणजे डावीकडे — झालं, ठरलं!

माशी डावीकडे हलेना. ही खाच एका बाजूला किंचित निमुळती असते, माशी उजवीकडून घुसवतात आणि उजवीकडेच निघते. मी तिला अरुंद बाजूला रेटत होतो. नेमकी माशी कुठं शिंकली, ते मला कळेना. पितळ बोथट झालं, मी चिडलो. वाटलं, एवढ्याशा दाण्यानं मला हरवावं? आणि पोलादी कांडी उचलली.

माशी सरकली. खाचेच्या कडेचा टवकाही उडाला. त्यावर काजळ आणि तेल फासून मी पिस्तूल परत पाठवलं.

अमीनसाहेब स्वतः आले, तोवर अप्पा परतले होते. कपाळावर ताजी विभूती होती. साहेबांनी पिस्तूल फळीवर ठेवलं. गोळी आता दुप्पट चुकत होती आणि माशी बोटानं हलत होती.

"किसने हाथ लगाया इसको?"

मी म्हणालो, "अप्पांनी."

होय. मीच म्हणालो. कुणी माझा गळा धरला नव्हता.

साहेबांनी चिठ्ठी मागितली, मी काढून दिली. त्यांनी ती अप्पांपुढं धरली. "पढ़ो." अप्पांनी ती सावकाश वाचली. मग माझ्याकडं पाहिलं. चिडले असते तर बरं झालं असतं — नाही चिडले. साहेबांना म्हणाले, "नजर चुकली, साहेब. वय झालं." आणि चिठ्ठीची घडी घालून माझ्या हातात दिली. "ठेव."

त्यांचा परवाना गेला. महिन्याभरात तो माझ्या नावावर झाला, कारण बीडात दुसरा कारागीर नव्हता. अप्पा दुकान माझ्यावर सोडून पालीला लेकीकडे राहायला गेले आणि तिथं विळ्यांना धार लावून देऊ लागले. बाजारात लोक हळहळले, अप्पांची नजर गेली म्हणाले. मी मान डोलवायचो. दुकान सोडावं, तर का सोडलं ते सांगावं लागणार. राहावं, तर रोज त्याच शिकंज्यापुढं बसायचं. राहिलो. जो येतो तो माझ्या हाताची तारीफ करतो आणि मला तिथून उठून पळावंसं वाटतं.

पुष्कळ वर्षांनी, मला कुणी ओळखत नाही अशा मोहल्ल्यात, एका मौलवींकडून उर्दू शिकलो. पहिली ती चिठ्ठी उघडली. तीन ओळी होत्या. जनाब अप्पा, गोळी उजवीकडे जाते. घाई नाही. सवडीनं करा, पण तुमच्याच हातानं करा.

तो 'बे' 'जनाब'मधला होता.

म्हणजे अप्पांना त्या दिवशी तिथंच सगळं कळलं होतं. मी हात लावला, मी खोटं बोललो, आणि मला वाचता येत नाही, हेसुद्धा. त्यानंतर ते पालीत अकरा वर्षं जगले. बीडहून पाली म्हणजे चालत अर्धी दुपार. मी एकदाही गेलो नाही. ते गेले तेव्हाही नाही.

चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. आता मला ती वाचता येते.