तेरेसाची सीलबंद खोकी

आमच्या पाचूबंदरला तेरेसाइतकी मासळी कळणारी बाई नव्हती. लिलावात टोपलीला हात न लावता भाव सांगायची. पण खोक्यांच्या बाबतीत बया पार फसली.

नवरा वारलेला. एकुलता एक मुलगा सेबेस्टियन नोकरीला मस्कतला. जाताना म्हणाला, "होडीला इंजिन घेण्याइतकं जमलं की कायमचा परत येतो." दर सुटीला एक खोकं आणायचा. कधी रेडिओ-टेपचा टू-इन-वन, कधी व्हीसीआर. तिकडच्या वस्तूंवर इकडे उड्या पडायच्या. तेरेसानं ती खोकी सील न फोडता, प्लास्टिकात गुंडाळून खाटेखाली जपली, सोनं जपावं तशी. चार-पाच जमली की विकायची, इंजिन घ्यायचं, की पोरगा घरी.

आणि संध्याकाळी रेडिओ ऐकायला यायची कुठे? माझ्याकडे!

"अगो, घरात एवढी खोकी पडलीत, एक लाव की!" मी खेकसायचे.

"हात लावला का भाव पडतो, कमळे."

मग माझ्या ओट्यावर बसायची ती बसायचीच. मीही उठवत नसे. घरी तिची वाट बघायला मांजरसुद्धा नव्हतं.

पंच्याऐंशी साली आम्ही दोघी टांग्यात खोकी घालून वसईच्या दुकानात गेलो. दुकानदार बघून हसलाच. "मावशी, ही मॉडेलं गेली! आता दोन कॅसेटवाले आलेत, तेही स्वस्त. घरोघरी आखातातला माल झालाय. याचे पार्टसुद्धा मिळायचे नाहीत."

"पन फोडली बी नाय रे!"

"म्हणून काय झालं? ही मासळीच समजा. आली त्या दिवशी विकायची."

"मासळी निदान सुकवता येते," तेरेसा म्हणाली.

सगळ्यांचे मिळून त्यानं जे सांगितलं, त्यात इंजिनाचा पंखाही आला नसता. खोकी परत आणली.

नाताळला सेबेस्टियन आला, खांद्यावर आणखी मोठं खोकं. तेरेसानं ते उंबऱ्यातच कोयतीनं फाडलं.

"आई, सील! भाव पडंल!"

"पडू दे." तिनं आतला टेप त्याच्यापुढे सरकवला. "तू जानारच हायेस. जान्याआधी यात 'आई' म्हनून हाक मारून ठेव. या घरात मला कोनी हाक मारत नाय."